आलेखावरचा भाव आणि पदरात पडणारे मूल्य

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला आणि २०२५ मध्ये वीस कोटींचा. या नव्या खातेदाराच्या हाती दलालाच्या ॲपबरोबरच आलेखांचे मोठे भांडार आले आहे. सरकती सरासरी, आरएसआय, बोलिंजर पट्टे, कँडलस्टिकच्या लाल-हिरव्या आकृत्या हे सारे बोट फिरवताच समोर हजर होते. त्याच ॲपवर एक्स्चेंज ट्रेडेड फंडांची, म्हणजेच ईटीएफची, खरेदी-विक्रीही होते. दोहोंविषयी सामान्य गुंतवणूकदाराच्या मनात शंका आहेत. आलेख खरे सांगतो का? आणि ईटीएफ निर्देशांकामागोमाग चालतो असे म्हणतात, तर त्याचा भाव निर्देशांकाशी जुळत का नाही? वरवर वेगळ्या वाटणाऱ्या या शंकांचे मूळ बरेचसे एकच आहे. बाजारातला भाव आणि वस्तूचे मूल्य यांत अंतर पडू शकते, आणि आलेख दाखवतो तो केवळ भाव.

भारतातील पहिला ईटीएफ, बेंचमार्क म्युच्युअल फंडाचा निफ्टी बीज, जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात दाखल झाला. हा फंड पुढे गोल्डमन सॅक्स, रिलायन्स आणि अखेर निप्पॉन इंडिया यांच्याकडे गेला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या एका युनिटचे दहा युनिट करण्यात आले. त्याच सुमारास गोल्ड बीजच्या एका युनिटचे शंभर झाले. युनिटधारकाच्या संपत्तीत त्यामुळे एका रुपयाचाही फरक पडला नाही. परंतु ज्या आलेखात मागील भाव या विभाजनानुसार दुरुस्त केलेले नसतात, तेथे निफ्टी बीज एका दिवसात नव्वद टक्के कोसळलेला दिसतो आणि गोल्ड बीज तर जवळपास शून्याला टेकलेला. असा कडेलोट पाहून कोणी दचकणार नाही; चूक उघडच आहे. मात्र त्याच दुरुस्त न केलेल्या आकड्यांवरून काढलेली दोनशे दिवसांची सरासरी पुढे कित्येक महिने चुकीची राहते, हे चटकन ध्यानात येत नाही. बक्षीस समभाग, विभाजन, मोठा लाभांश या प्रत्येक घटनेनंतर हाच प्रश्न उद्भवतो. दोन संकेतस्थळांवरील एकाच समभागाचे जुने आलेख जुळत नाहीत, यामागे बहुधा हेच कारण असते. एकाने लाभांश वजा करून मागचे भाव सुधारलेले असतात, दुसऱ्याने नसतात.

निर्देशांकाशी तुलना करतानाही लाभांशच आड येतो. बातम्यांत झळकणारा निफ्टी हा निव्वळ भावांचा निर्देशांक आहे. कंपन्यांनी वाटलेला लाभांश त्यात धरलेला नसतो. फंडाला मात्र तो मिळतो आणि वाटून न टाकल्यास युनिटच्या मूल्यात साठत जातो. त्यामुळे निफ्टी बीजचा भाव निफ्टीच्या शंभराव्या हिश्शाहून काहीसा अधिक दिसतो. यात फंड व्यवस्थापकाची करामत नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०१८ पासून ‘सेबी’ने सर्व फंडांना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशीच आपली तुलना करावयास लावले. आलेखाच्या पडद्यावर मात्र बहुतेक वेळा जुनाच, बिनलाभांशाचा निफ्टी शेजारी ठेवला जातो.

इथवरच्या शंका हिशेबाच्या आहेत. थोडे समजून घेतले की मिटतात. खरा फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. ऑक्टोबर २०२५ मधील चांदीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे.

दिवाळीच्या तोंडावर लंडनच्या बाजारात हाती देण्याजोग्या चांदीची टंचाई निर्माण झाली आणि इकडे सणाची मागणी ऐन भरात होती. देशात चांदी आयातीच्या हिशेबी दरापेक्षा महाग विकली जाऊ लागली. ईटीएफचे निव्वळ मालमत्ता मूल्य त्या वेळी लंडनच्या दरावर आधारलेले होते. एरवी ईटीएफचा भाव मूल्याच्या वर गेला की मार्केट मेकर नवे युनिट तयार करून बाजारात विकतात आणि अंतर मिटते. पण नवे युनिट तयार करण्यासाठी चांदी हवी, आणि तीच हिशेबी दराने मिळेना. युनिटचा पुरवठा अडला, खरेदीदारांची रीघ मात्र थांबली नाही. चांदीच्या काही ईटीएफचे भाव त्यांच्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांच्या घरात चढले. अशा ईटीएफमध्ये पैसे गुंतवणाऱ्या आपल्या ‘फंड ऑफ फंड’ योजनांत एकरकमी रक्कम स्वीकारणे कोटक, यूटीआय, एसबीआय आदी फंड घराण्यांनी तात्पुरते बंद केले. जाणकारांसाठी ही धोक्याची घंटा होती.

आलेख पाहणाऱ्यास मात्र त्याच आठवड्यात नेमके उलटे दिसत होते. भाव मागील उच्चांक मोडून वर निघालेला, उलाढाल वाढलेली, सरासरीच्या रेषा खाली राहिलेल्या. पाठ्यपुस्तकात ‘ब्रेकआउट’ म्हणून छापावी अशी ही आकृती. तिच्यातील किती चढण चांदीची आणि किती निव्वळ अधिमूल्याची, हे आलेखावरून उमगण्याचा मार्गच नव्हता. हिशेब साधा आहे. १५० रुपये मूल्याचे युनिट १६५ रुपयांना घेतले आणि चांदी जागच्या जागी राहून केवळ अधिमूल्य विरले, तरी नऊ टक्के भांडवल जाते. प्रत्यक्षात चांदीही उतरली. ऑक्टोबरच्या मध्यास औंसामागे ५४ डॉलरपर्यंत गेलेला दर महिनाअखेरीस ५० डॉलरच्या खाली होता. पुढे काही आठवड्यांतच चांदीने तो उच्चांक ओलांडला, तेव्हा धीर धरणाऱ्यांची तूट भरून निघाली. ती भरून काढली चांदीने. अधिमूल्यापोटी मोजलेले पैसे गेले ते गेलेच.

परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफची कथाही अशीच आहे. म्युच्युअल फंड उद्योगाला परदेशी ईटीएफमध्ये गुंतवणुकीसाठी असलेली एक अब्ज डॉलरची मर्यादा भरत आल्याने एप्रिल २०२४ पासून तेथील नवा ओघ थांबवण्यात आला. भारतात सूचिबद्ध असलेले, अमेरिकी समभागांत पैसे ठेवणारे फंडही निराळ्या सात अब्ज डॉलरच्या मर्यादेपायी अडलेलेच होते. नवे युनिट निघेनात तेव्हा असलेल्यांनाच मागणी आली, आणि त्यांचे भाव मूल्याला मागे टाकून पळू लागले.

कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये आलेखाची आणखी एक फसगत होते. दिवसभरात मोजकेच सौदे होत असतील तर कोणा एकाच्या ‘मार्केट ऑर्डर’ने भाव दोन-तीन टक्के हलतो आणि आलेखावर लांबलचक शेपटीची कँडल उमटते. आलेख वाचणारा तिचा अर्थ ‘खालच्या पातळीला खरेदीदार उतरले’ असा लावतो. तेथे खरेदीदार कोणी नव्हते, म्हणून तर भाव तेवढा पडला! अशा फंडात ‘लिमिट ऑर्डर’ देणे हा सावधगिरीचा किमान उपाय ठरतो.

मूल्य जाणून घेण्याची सोय नाही असे नाही. मे २०२२ च्या परिपत्रकाने ‘सेबी’ने समभागांच्या ईटीएफचे सूचक मूल्य, म्हणजे आय-एनएव्ही, जास्तीत जास्त पंधरा सेकंदांच्या विलंबाने बाजाराच्या मंचावर दाखवणे बंधनकारक केले. प्रत्येक ईटीएफसाठी किमान दोन मार्केट मेकर नेमण्याची अटही त्यातलीच. पण सोन्या-चांदीच्या ईटीएफना हे सूचक मूल्य मूळ भावाच्या उपलब्धतेनुसार स्थिर ठेवण्याची मुभा मिळाली. ज्या प्रकारात अंतर एवढे वाढले, नेमकी तेथेच ही सवलत आहे.

त्याच परिपत्रकात छोट्या गुंतवणूकदारासाठी एक संरक्षणही आहे. ईटीएफचा बंद भाव सलग सात दिवस मूल्यापेक्षा एक टक्क्याहून अधिक खाली राहिला, किंवा सलग तीन दिवस बाजारात भावच मिळाला नाही, तर युनिट थेट फंड घराण्याला परत करता येते. एरवी थेट व्यवहाराची मुभा २५ कोटी रुपयांच्या पुढच्यांनाच. हे संरक्षण मात्र विकणाऱ्यापुरते आहे. भाव मूल्याच्या दहा टक्के वर असताना घेणाऱ्यासाठी त्यात काहीच तरतूद नाही. त्याला फंड घराण्याच्या दारातून मूल्याच्या दराने युनिट मिळत नाही; बाजारात जो भाव असेल तो मोजावा लागतो. आणि तो भाव किती फुगलेला आहे याची सूचना खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी पडद्यावर ठळकपणे द्यावी, एवढी साधी अटही त्या परिपत्रकाने दलालांच्या ॲपना घातलेली नाही.