कात्री खाली ठेवा!

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो आणि पहिला घोट घशातच अडकला. समोरच्या काकूंच्या कुंपणावर शुक्रवारपर्यंत आठ-नऊ फुटांचा वेलगुलाब होता. आता तिथे गुडघ्याएवढे चार बुडखे उभे होते. माळीमामा खाली बसून फांद्यांची मोळी बांधत होते. काकूंनी मला बघून हात केला आणि आनंदाने म्हणाल्या, "कसं स्वच्छ झालं ना रे!"

मी मान डोलावली. (पुणेकर असूनही तोंडावर काही बोललो नाही, याची नोंद घ्यावी :-) ) पण तो राग आठवडाभर पोटात राहिला, म्हणून आज इथे ओकतोय. कारण काकूंचं ते झाड आमच्याच झाडाच्या काडीपासून केलेलं आहे, आणि त्यांनी जे केलं तेच आम्ही आमच्या घरी सलग तीन वर्षं केलं होतं.

तर मंडळी, आधी आमची कथा.

२०१९च्या पावसाळ्यात बाबांनी नर्सरीतून एक वेलगुलाब आणला. बाबा जुने गुलाबवाले. कुंडीतले हायब्रीड टी वगैरे त्यांचे वर्षानुवर्षं आहेत. वेल मात्र पहिलाच. कुंडीला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, 'व्हाइट क्लायंबर'. मी विचारलं, जात कोणती? उत्तर आलं, "साहेब, क्लायंबर आहे, वर जाईल." झाड वर गेलंही. पण ऑक्टोबर आला की कात्री चालायची आणि झाड खाली यायचं. २०१९, २०२०, २०२१. दरवर्षी नुसत्या हिरव्या काठ्या आणि शेंड्याला चार-दोन फुलं. चौथ्या वर्षी कात्री पुन्हा बाहेर आली तेव्हा मी आडवा आलो. बाबा चिडले. "अरे, चाळीस वर्षं गुलाब लावतोय मी. तू कालपर्यंत कढीपत्त्याला गुलाब म्हणत होतास."

यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. पहिलं खरं आहे, आणि सगळी गडबड तिथेच आहे.

ऑक्टोबरची छाटणी चुकीची नाही. झुडपासारख्या वाढणाऱ्या गुलाबाला ती हवीच. पाऊस संपला, ऊन स्वच्छ पडलं की छाटायचं. नवी फूट येते, त्या फुटीच्या टोकाला कळी येते आणि साधारण दीड महिन्यात फुलं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात जे भलेमोठे गुलाब दिसतात ते असेच वेळापत्रक लावून आणलेले असतात. पण हा नियम झुडपाचा आहे. वेलगुलाबाचं गणितच वेगळं. त्याची पहिली दोन-तीन वर्षं लांब, जाड काड्या बनवण्यात जातात. या काड्या म्हणजे त्याचा सांगाडा. त्या सांगाड्यावर ज्या आखूड बाजूच्या फांद्या फुटतात, त्यांच्यावर मुख्य बहर येतो. दर ऑक्टोबरात सांगाडाच कापला की झाड पुन्हा शून्यापासून सांगाडा बांधायला घेतं. तो बांधून होईपर्यंत पुढचा ऑक्टोबर. म्हणजे दर रिलीजच्या आदल्या दिवशी कुणीतरी येऊन सगळा कोड पुसून जातंय, आणि वर विचारतंय, "प्रॉडक्ट अजून आलं कसं नाही?"

मग करायचं काय? कापायचं नाही, वाकवायचं. अख्ख्या लेखातली ही एकच ओळ लक्षात ठेवलीत तरी मला पुरे.

कारण साधं आहे. काडीच्या शेंड्याचा कोंब ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते काडीतून खाली उतरतं आणि त्याच्या प्रभावाने खालचे डोळे झोपून राहतात. काडी सरळ उभी असली की शेंडा राजा, म्हणून सगळी फुलं वर आकाशात आणि तुमच्या नाकासमोर नुसत्या काटक्या. तीच काडी हळूहळू वाकवून जवळपास आडवी बांधली की शेंड्याची दादागिरी ढिली पडते. ओळीने डोळे फुटतात आणि प्रत्येक फुटीला कळ्या लागतात. आता कुणी म्हणेल, शेंडा कापला तरी दादागिरी संपतेच की! संपते, पण कापलेल्या जागेखालचे दोन-तीन डोळे लगेच नवे शेंडे होऊन सरळ वर सुटतात. गादीवरचा राजा तेवढा बदलतो.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नाही असं समजू नका. नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि काडीवर किती डोळे ठेवायचे ते द्राक्षाच्या जातीप्रमाणे ठरतं. तो सगळ्या वेलींना एकच कात्री लावत नाही. आपण शहरातले शहाणे मात्र मोगरा, जास्वंद, गुलाब, वेलगुलाब सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच उंचीवर कापतो आणि त्याला 'मेंटेनन्स' म्हणतो.

२०२२च्या ऑक्टोबरात मी बाबांकडून एक वर्ष उधार मागितलं. कुंपणाच्या जाळीवर फूट-फूट अंतराने आडव्या तारा ओढल्या. वेलगुलाबाला काकडीसारखे ताणे नसतात की मनीप्लँटसारखी हवेतली मुळं नसतात, तो स्वतःहून काही धरत नाही, त्याला बांधावंच लागतं. आईच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि पाच काड्या पंख्यासारख्या पसरून इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधल्या. कोवळी काडी सहज वाकते, जुनी काडकन मोडते. (एक मोडली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त बघितलं.) त्या हिवाळ्यात बरी फुलं आली. पुढच्या हिवाळ्यात, जानेवारी २०२४मध्ये, कुंपण पांढरं झालं. एका काडीवर मी चौदा गुच्छ मोजले. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायला लागली. काकूंनी काडी मागितली ती तेव्हाच.

आता नेहमीचे आक्षेप.

"जंगल होतं हो!" बांधलं नाही तर होतंच. जंगल होतंय हा आळसाचा पुरावा आहे, छाटणीचा नाही.

"मग कापायचंच नाही का?" कापायचं की. वाळलेलं कापा, रोगट कापा, आतल्या आत घुसलेलं कापा. फुलून गेलेल्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणा. चार-पाच वर्षांनी सगळ्यात जुनी, दमलेली काडी बुडातून काढा, ती पण बुडातून नवी फूट आली असेल तरच.

"सात पानांची फूट आली, म्हणजे झाड रानटी झालं." हा नियम इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की मीही मानायचो. पाच पानांचा गुलाब खरा, सात पानांचा रानटी! साफ चूक. कितीतरी चांगल्या गुलाबांना, विशेषतः वेलगुलाबांना, सात पानं असतात. फूट कुठून आली ते बघा. डोळा भरलेल्या गाठीच्या खालून, खुंटातून आली असेल तर ती रानटी, ओढून काढा. गाठीच्या वरून आली असेल तर तीच तुमची पुढची काडी, तिला हात लावू नका.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ही माळीमामांवर नाही. ते बिचारे शिकवलं तसं करतात. तक्रार त्या कुंडीवरच्या पट्टीवर आहे.

'व्हाइट क्लायंबर' हे नाव नाही. तो रंग आणि दिशा आहे. २०२४च्या प्रदर्शनात मी आमच्या फुलाचा गुच्छ घेऊन गेलो. तिथल्या एका आजोबांनी चष्मा वर केला, देठ हातात फिरवला आणि सांगितलं, "क्लायंबिंग आइसबर्ग. काटे किती कमी आहेत बघ." मूळ आइसबर्ग जर्मनीतल्या कोर्डेस मंडळींचा, १९५८चा. तो झुडूप आहे. त्याची वेल झालेली आवृत्ती इंग्लंडमध्ये १९६८ साली आली. एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो आणि झुडपाची वेल होते. अशा वेलींचा एक धोका असतो: फार खोल छाटलं तर त्या परत झुडपाच्या वळणावर जाऊ शकतात. म्हणजे पट्टीवर नाव असतं तर बाबांनी पहिल्याच वर्षी कुठेतरी वाचलं असतं, विचारलं असतं, आणि तीन वर्षं वाचली असती.

नावाने काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी अजून एक उदाहरण. 'डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट' नावाचा १९१०चा अमेरिकन वेलगुलाब आहे. मुख्यतः वर्षातून एकदाच फुलतो. त्याच्यातच बदल होऊन १९३०मध्ये 'न्यू डॉन' आला. तसंच फिकट गुलाबी फूल, पण हा पुन्हा पुन्हा फुलतो. याच गुलाबाला १९३१ साली अमेरिकेतलं वनस्पतीचं पेटंट क्रमांक एक मिळालं. दोघांना शेजारी ठेवलं तर ओळखणं कठीण. दोघांच्या कुंडीवर 'पिंक क्लायंबर' लिहिलं तर? तुम्ही दहा महिने खत घालत वाट बघणार आणि दोष देणार पुण्याच्या हवेला.

आणि गंमत बघा, वेलगुलाब म्हणजे काही परदेशी कौतुक नाही. जगातल्या टी गुलाबांच्या पूर्वजांपैकी एक, रोझा जायगँटिया, आपल्या मणिपूरच्या डोंगरांत झाडांवर चढतो. जॉर्ज वॉट यांनी तो १८८२ साली तिथे नोंदवला. आय.ए.एस. सोडून कोडाईकनालला गुलाब करत बसलेल्या विरू वीरराघवन यांनी त्याच्यापासून उष्ण हवेला मानवतील अशा जाती केल्या. त्यातल्या एका वेलगुलाबाचं नाव 'सर हेन्री कॉलेट'. दर वेळी थंड देशातल्या गुलाबाचे लाड करायला नकोत, आपल्या हवेचे गुलाब करावेत, हा त्यांचा आग्रह. अशा देशात नर्सरीवाला आपल्याला सांगतो, "साहेब, क्लायंबर आहे", आणि आपण गुगल पे करून घरी येतो. मोबाइल घेताना प्रोसेसरची पिढी विचारणारे आपण!

पुढच्या वेळी जात विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका. दहा गिऱ्हाईकं रिकाम्या हाताने परत गेली की पट्ट्या आपोआप छापल्या जातील.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०२२मध्ये भांडण विझल्यावर बाबा हळूच म्हणाले होते, "तुझं ठीक आहे रे. वाट बघायला तुझ्याकडे वर्षं आहेत. माझ्याकडे किती ऑक्टोबर उरलेत?" तेव्हा ते एकाहत्तरचे होते. मला उत्तर सुचलं नव्हतं. आता वाटतं, लवकर फुलं हवीत म्हणून आपण कापतो, आणि कापल्यामुळेच ती लांबतात. बाबांचे तीन ऑक्टोबर वाट बघण्यात गेले नाहीत, ते कात्रीत गेले.

असो. आज सकाळी बाबा जुन्या साडीच्या पट्ट्या घेऊन समोर गेलेत. काकूंच्या बुडख्यांवर नवी फूट येईल तेव्हा ती कशी बांधायची, हे त्यांना आणि माळीमामांना दाखवायला. कात्री त्यांनी घरीच ठेवली आहे.