मुक्कामावर कर, गर्दीला माफी

नैर्ऋत्य इंग्लंडमधील बाथ शहराला पर्यटकांचे अप्रूप नाही. येथील गरम पाण्याच्या झऱ्यावर रोमनांनी स्नानगृहे बांधली. अठराव्या शतकात आरोग्यासाठी, आणि बहुधा त्याहून अधिक मौजेसाठी, उमरावांची रीघ लागली. १९८७ मध्ये 'युनेस्को'ने अवघ्या शहरालाच जागतिक वारशाचा दर्जा दिला. सुमारे ९४ हजार वस्तीच्या या शहराने आपल्या पाहुण्यांकडून काय घ्यावे, हा प्रश्न आता ऐरणीवर आला आहे.

त्याला निमित्त ब्रिटिश सरकारच्या घोषणेचे. इंग्लंडमधील प्रादेशिक महापौरांना मुक्कामी पर्यटकांवर कर बसविण्याचा अधिकार दिला जाईल, असे सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. वरकरणी हे रास्तच आहे. मात्र, बाथची खरी डोकेदुखी मुक्कामी पाहुणा नव्हेच. लंडनहून रेल्वेने येथे सुमारे दीड तासात पोहोचता येते. सहल कंपन्यांच्या बसगाड्या स्टोनहेंजचे दगड दाखवून प्रवाशांना बाथमध्ये उतरवतात. दोन-तीन तासांत स्नानगृहे पाहायची, 'रॉयल क्रेसेंट'समोर छायाचित्र काढायचे आणि संध्याकाळी परत लंडन गाठायचे! रस्त्यांवर भार पडतो तो या प्रवाशांचा. कर मात्र भरणार तो रात्री थांबणारा, येथल्याच उपाहारगृहात जेवणारा पाहुणा.

व्हेनिसने २०२४ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घेतले आणि मुक्कामी पाहुण्यांना त्यातून वगळले. अर्थात, पाण्याने वेढलेल्या व्हेनिसला जे साधते ते चहूबाजूंनी रस्ते असलेल्या बाथला साधेलच असे नाही.

शिवाय पालिकेचीही कोंडी आहेच. रोमन स्नानगृहे तिच्याच मालकीची आहेत आणि तिकिटांचे उत्पन्न थेट तिच्या तिजोरीत जमा होते. २०२० मध्ये कोविडमुळे ही दारे बंद झाली, तेव्हा त्या तिजोरीला खिंडार पडले. ज्या गर्दीने नागरिक त्रासले आहेत, तीच गर्दी तिकीटखिडकीवर रांग लावते. ती कमी करण्याची घाई पालिकेला कशी असेल?

त्यातही एक मेख आहे. बाथला स्वतःचा महापौर आहे, पण ते पद केवळ मानाचे. कराचा अधिकार जाईल तो 'वेस्ट ऑफ इंग्लंड' प्रदेशाच्या महापौरांकडे आणि त्यांच्या अखत्यारीत ब्रिस्टलसारखे कितीतरी मोठे शहरही येते. तेव्हा जमा होणाऱ्या रकमेतील किती वाटा आपल्या पदरात पडणार, हे बाथला आधीच पक्के करून घ्यावे लागेल.