फसलेल्याचा अपराध कोणता?

घरफोडीची फिर्याद घेऊन आलेल्या गृहस्थाला ‘तुम्ही रात्री झोपलातच कसे?’ असे कोणी विचारीत नाही. परंतु दूरध्वनीवरून धाकदपटशा दाखवून ज्याची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेली, त्या वृद्धाला ठाण्यातील अंमलदारापासून पोटच्या मुलापर्यंत प्रत्येक जण एकच प्रश्न करतो, ‘पण तुम्ही पैसे दिलेतच कसे?’ या प्रश्नात चौकशी थोडी आणि निवाडा अधिक असतो. लोभ किंवा मूर्खपणा यांवाचून माणूस फसत नाही, आणि म्हणून फसलेला मनुष्य आपल्या हानीला निम्मा जबाबदार आहे, हे मत आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला भासत नाही. ते मत वस्तुस्थितीला सोडून आहे, आणि गुन्हेगाराला त्याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कोणालाच होत नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

पूर्वपक्षाचे जे देणे लागते ते आधी देऊन टाकू. महिन्याभरात दामदुप्पट करून देणारे शेअरबाजाराचे बनावट ॲप, घरबसल्या चित्रफितींना पसंती देऊन मिळणारी कमाई, न काढलेल्या तिकिटावर लागलेली सोडत, या प्रकारांत मोहाचा अंश असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि केवायसी न केल्यास खाते गोठेल असा संदेश, थकलेल्या बिलापायी आज रात्रीच वीज तोडण्याची धमकी, कर्जाच्या ॲपने मोबाईलमधून उचललेल्या छायाचित्रांत फेरफार करून केलेली बदनामी, हेही त्याच गुन्ह्याचे प्रकार आहेत; आणि घरातली वीज तुटू नये असे वाटणे हा लोभ खचित नव्हे.

या मताचा खरा पराभव होतो तो ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या प्रकारात. प्रथम कुरियर कंपनीच्या किंवा दूरसंचार खात्याच्या नावाने फोन येतो : तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे. मग व्हिडिओवर गणवेशधारी इसम येतो, त्याच्यामागे पोलीस ठाण्याचा देखावा उभा असतो, सीबीआयच्या किंवा ईडीच्या शिक्क्याचे वॉरंट मोबाईलवर येऊन पडते, आणि कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरच्यांजवळ चकार शब्द काढायचा नाही, अशा हुकमाखाली तो मनुष्य आपल्याच घरात दिवसचे दिवस नजरकैदेत राहतो. अखेरीस चौकशीपुरती म्हणून सारी शिल्लक सांगितलेल्या खात्यात वर्ग करून देतो. यात लोभ कोठे आहे? यात आहे ते सरकारी कागदाचे भय, अब्रूची चाड आणि कायद्याची बूज. ज्याने जन्मभर कर वेळेवर भरला, ज्याच्या दाराशी पोलीस कधी आला नाही, तोच या जाळ्यात लवकर सापडतो. निर्ढावलेल्या माणसावर वॉरंटचा धाक चालत नाही.

मूर्खपणाचा आक्षेपही असाच टिकत नाही. २०२४ साली लुधियानाच्या एका विख्यात वस्त्रोद्योगसमूहाच्या प्रमुखांना, जे पद्मभूषण किताबाचे मानकरी आहेत, सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीचा बनाव व्हिडिओवर दाखवून आणि त्यात खुद्द सरन्यायाधीशांचे सोंग उभे करून सुमारे ७ कोटी रुपयांना लुबाडण्यात आले. व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, आणि संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक झालेल्या इसमाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हे खरे. पण हे ज्ञान भेदरलेल्या मनाला त्या घटकेस आठवावे अशी अपेक्षा धरणारांनी स्वतः कधी तितके भय अनुभवलेले नसावे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक तर व्यक्ती नव्हे, संस्था. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम-प्रणालीत शिरकाव करून चोरट्यांनी दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले, आणि त्यांतील बहुतांश रोकड २८ देशांतील यंत्रांतून काढली गेली.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी आणि २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. एका वर्षात या देशातील लोभ किंवा अज्ञान तिपटीने वाढले, असे विधान कोणी विचारी मनुष्य करणार नाही. वाढली ती गुन्ह्याची यंत्रसामग्री : बाजारात विकली जाणारी आपली वैयक्तिक माहिती, दुसऱ्याच्या नावावर काढलेली सिमकार्डे, आणि चार पैशांसाठी भाड्याने दिलेली बँकखाती. कित्येकदा फोनच्या पलीकडचा आवाजदेखील म्यानमार-कंबोडियातील छावण्यांत नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेल्या तरुणाचा असतो. मार्च २०२५ मध्ये अशा शेकडो भारतीयांना वायुदलाच्या विमानांतून थायलंडमार्गे परत आणावे लागले.

पैसा गेल्याचे दुःख कालांतराने सोसवते; ‘तुम्ही दिलेतच कसे’ या प्रश्नाने झालेली जखम सोसवत नाही. त्या प्रश्नाच्या धास्तीने माणूस गप्प बसतो, आणि १९३० या सायबर मदतवाहिनीच्या क्रमांकावर पहिल्या एक-दोन तासांत तक्रार गेली असती तर जी रक्कम वाटेतच गोठवता आली असती, ती या मौनाच्या अवधीत दहा खात्यांत फुटून नाहीशी होते. पुढे घरातली मंडळी त्याचे पासबुक आणि मोबाईल काळजीपोटी आपल्या ताब्यात घेतात, आणि कालपर्यंत घराचा कारभार पाहणारा कर्ता पुरुष साध्या भाजीच्या हिशेबातही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो.

मग जबाबदारी कोणाची? ज्या दारांतून हा पैसा जातो, त्या दारांच्या रखवालदारांची. चोराला शेवटी खाते लागतेच, आणि खाते बँकच उघडून देते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, खातेदाराची व बँकेचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले व कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले तर खातेदाराला तोशीस लागू दिलेली नाही; परंतु भयाने वा भुलीने त्याने स्वतःच्या हाताने पैसे पाठविले की ते संरक्षण संपते. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत भरण्यांपुरती ही उणीव भरून काढली : अशी रक्कमही ८५ हजार पौंडांपर्यंत बँकांनी भरून द्यावी, आणि तो बोजा पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलावा. यामुळे लोक बेफिकीर होतील, असा आक्षेप येईल. परंतु तेथे घोर निष्काळजीपणाचा अपवाद राखलेला आहे. शिवाय पुंजी परत मिळण्याची आशा आहे म्हणून आठ-आठ दिवस कॅमेऱ्यापुढे थरथरत बसायला कोणी खुशीने तयार होईल, ही कल्पनाच मनुष्यस्वभावाला धरून नाही. स्वीकारणाऱ्या बँकेला मात्र भाड्याच्या खात्याची झळ प्रथमच स्वतःच्या तिजोरीला लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सिकंदराबादच्या एका बँकशाखेत एक ज्येष्ठ खातेदार मुदतठेव मोडायला आले. मालमत्ता घ्यायची आहे, असे त्यांनी भामट्यांनी पढविल्याप्रमाणे सांगितले. खिडकीमागील कर्मचाऱ्यांना त्यांची अस्वस्थता जाणवली, ते कारण पटले नाही. त्यांनी पुनःपुन्हा आस्थेने चौकशी केली, घाई करू दिली नाही, आणि अखेरीस १९३० ला फोन जोडून दिला. ठेव खात्यातच राहिली.