मामलेदाराची कचेरी आणि ग्रामन्यायालय

पूर्वी न्याय दाराशी मिळत असे, अशी हळहळ ग्रामन्यायालयांच्या चर्चेत हमखास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार द्वितीय वर्ग दंडाधिकारी सहा महिने कैद आणि दोनशे रुपये दंड ठोठावू शकत असे. मुंबई इलाख्यातील तालुक्यांत हे अधिकार बहुधा मामलेदाराकडेच असत. म्हणजे साऱ्याची थकबाकी ज्याच्याकडे, त्याच्याचपुढे कुळाने आरोपी म्हणून उभे राहायचे! शिवाय साहेब फिरतीवर असले की साक्षीदारांची मुक्कामागून मुक्काम पायपीट होई, ती वेगळीच.

महसूल आणि न्याय यांची फारकत मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने केली. देशभर ती १९७४ पासून झाली. न्याय निःपक्ष झाला, पण तालुक्याला गेला. मजुराला एका तारखेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते.

२००८ च्या ग्रामन्यायालय कायद्यातील न्यायाधिकारी उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमला जातो, सारा वसूल करीत नाही आणि त्याने गावोगाव जाऊन खटले चालवावेत, अशी तरतूद आहे. ही न्यायालये स्थापणे मात्र कायद्याने राज्यांच्या मर्जीवर सोडले आहे.