दोन रुपयांची मर्यादा

काही वर्षांपूर्वी मी दिल्लीतील ज्या कार्यालयात होतो, तेथे वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची प्रकरणे संगणकीय प्रणालीवरून जाऊ लागली. दोन लाख रुपयांपर्यंतची मंजुरी उपसचिवांनी द्यावी आणि त्यावरील प्रकरण संयुक्त सचिवांकडे जावे, असा स्पष्ट आदेश होता. प्रणाली सुरू झाल्यापासून मात्र प्रत्येक प्रकरण, मग ते नऊशे रुपयांचे का असेना, संयुक्त सचिवांकडेच जाऊ लागले. त्यांच्याकडे आधीच ढीग साचलेला. एका सेवानिवृत्त शिपायाचे अठरा हजारांचे देयक तेथे सात आठवडे पडून राहिले. ते गृहस्थ तीनदा येऊन गेले आणि तिन्ही वेळा त्यांना एकच उत्तर मिळाले, "सिस्टम में है."

पुढे कारण सापडले. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मर्यादा २,००,००० अशी, आपल्या रीतीप्रमाणे स्वल्पविराम देऊन लिहिलेली होती. ती वाचणारा प्रोग्राम पहिल्या स्वल्पविरामाशी थांबला, हाती लागलेला २ त्याने घेतला आणि तो पुढे निघून गेला. मर्यादा दोन रुपये झाली. ना तक्रार, ना इशारा.

बैठकीत याला 'टंकलेखनाची चूक' असे नाव देण्यात आले. मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. लिहिणाऱ्याने देशातील प्रत्येक कोषागारात लिहितात तसाच आकडा लिहिला होता. चूक वाचणाऱ्याची होती. आपल्याला कळले नाही, हे सांगण्याऐवजी त्याने अंदाज केला.

फाइल कोणत्या मेजावरून कोणत्या मेजावर जाईल, किती रकमेला कोणाची सही लागेल, किती दिवसांनी स्मरणपत्र निघेल, हे सारे आता अशा फाइलींत लिहिलेले असते. त्या मजकुराचा पदच्छेद करून संगणकाला अर्थ सांगणे, याला पार्सिंग म्हणतात. आमचे सहकारी या विषयाला 'तांत्रिक' म्हणून बाजूला सारतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. नियमाचा अर्थ लावणे हे प्रशासनाचे मूळ काम आहे, आणि ते आपण न वाचता दुसऱ्याच्या हाती देऊन बसलो आहोत.

हा एखाद्या अडाणी प्रोग्रामचा दोष आहे, असे कोणी समजू नये. अशा फाइली लिहिण्यासाठी 'यॅमल' नावाची लेखनपद्धती जगभर रूढ आहे. तिच्या २००५ सालच्या १.१ या आवृत्तीत 'नो' या शब्दाचा अर्थ 'असत्य' असा होतो. देशांच्या यादीत नॉर्वेचे दोन अक्षरी चिन्ह 'एनओ' असे अवतरणचिन्हांविना लिहिले, तर तो देश यादीतून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी 'असत्य' येते. शून्याने सुरू होणारा आकडा ही पद्धती अष्टमान समजते. त्यामुळे मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ हा १८ होतो, पुण्याचा ०२० हा १६ होतो आणि दिल्लीचा ०११ हा ९ होतो. बंगळूरचा ०८० तेवढा बचावतो, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही! कार्यालयाची वेळ ०९:०० ते १७:३० अशी लिहिली, तर उघडण्याची वेळ मजकूर म्हणून तशीच राहते आणि बंद होण्याची वेळ १०५० हा आकडा बनते, कारण १७ गुणिले ६० अधिक ३०. पुढे २००९ च्या १.२ आवृत्तीने यातील बरेच नियम काढून टाकले. तरीही पायथन भाषेत सर्रास वापरला जाणारा 'पाययॅमल' हा वाचक आजही जुन्याच आवृत्तीप्रमाणे वाचतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. वाचक कठोर केला, तर क्षुल्लक चुकीनेही काम ठप्प होईल; सौम्य असावे, चालवून घ्यावे. या विचाराला प्रतिष्ठित पूर्वजही आहेत. स्वतः पाठवताना काटेकोर राहावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे, असे जॉन पोस्टेल यांनी १९८० साली इंटरनेटच्या नियमांत लिहून ठेवले. दोन परक्या यंत्रांच्या संभाषणात त्या औदार्याला काही अर्थ असेल. अधिकारांच्या वाटपात त्याला जागा नाही. एक्सएमएलच्या १९९८ च्या मानकाने याउलट मार्ग घेतला. रचनेत चूक आढळली, तर ती घातक समजावी आणि नेहमीचे काम पुढे चालवू नये.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून एवढेच विचारतो की चुकीची किंमत कोण मोजतो? कठोर वाचक फाइल बसवतानाच अडतो. तंत्रज्ञाची एक दुपार जाते आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. सौम्य वाचक अडत नाही. तो चूक पुढे ढकलतो आणि तिची किंमत अशा माणसाकडून वसूल करतो, ज्याला ही फाइल अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. 'काम थांबू नये' या युक्तिवादाचा खरा अर्थ आमचे काम थांबू नये, त्याचे थांबले तरी चालेल, एवढाच आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. अनोळखी शब्द, गाळलेली नोंद किंवा संदिग्ध आकडा दिसताच वाचकाने नकार द्यावा. मनाने काहीही भरू नये. फाइल वाचून झाल्यावर आपल्याला काय समजले, ते प्रणालीने साध्या भाषेत, रक्कम अक्षरी लिहून, छापून द्यावे आणि सक्षम अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिण्याची शिस्त आपण पाळतो, ती येथेच का सोडावी? आणि तो कागद प्रसिद्ध करावा. निर्णयप्रक्रियेत अनुसरली जाणारी कार्यपद्धती, पर्यवेक्षण आणि उत्तरदायित्वाच्या मार्गांसह, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करावी, असे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ४(१)(ख) सांगते. ती कार्यपद्धती आज प्रत्यक्षात जेथे आहे, ती ही फाइल आहे. संकेतस्थळावर टांगलेले जुने परिपत्रक नव्हे. परिपत्रक दोन लाख म्हणत होते आणि कारभार दोन रुपयांवर चालला होता.

त्या शिपायाचे देयक अखेर मंजूर झाले. विलंबाचे कारण म्हणून टिपणीवर 'तांत्रिक अडचण' असे दोन शब्द आहेत. ते माझ्याच हातचे आहेत. ते खोटे नव्हते, पण त्या दोन शब्दांनी कोणालाच काही विचारण्याजोगे उरले नाही. आज तीच टिपणी लिहायची झाली, तर मी लिहीन की आदेश बरोबर होता, तो चुकीचा वाचला गेला, आणि वाचला कसा गेला हे सात आठवडे आमच्यापैकी कोणीही पाहिले नाही.