जुनी रेडियल आर्म करवत घेताय? आधी कापून बघा

सागाची रुंद फळी आडवी कापायला 10 इंची पात्याची साधी चॉप सॉ पुरत नाही, 6 इंचांच्या आसपासच थांबते. जव्हार-मोखाड्यात दारं-फळ्यांचं काम करणाऱ्यांना रेडियल आर्म बरी. पण नव्या रंगाला भुलू नका. 12 इंची फळी सोबत न्या, तिथंच कापायला लावा. एक तुकडा पालथा करून, दोन्ही सरळ पट्टीला टेकवून भिडवा. फट दिसली की कोन चुकलाय. आर्म आवळून टोक हलवा; डुगडुगली तर माझ्या मते फुकटही नको. ओढताना पातं अंगावर धावतं, म्हणून पुढे झुकलेल्या दातांचं पातं लावू नका. मोटर थ्री फेज असेल तर आधी पाड्यावरची लाइन बघा, मगच इसार द्या.