बोल्टाची नोंद, बाईची बेदखली

एकेक बोल्ट ठरल्या जोराने आवळला की नाही हे तपासून त्यावर रंगाची खूण करणारे, बेअरिंगचा सूर किंचित बदलताच लाइन थांबवून कारण हुडकणारे, 'झिरो डिफेक्ट'च्या पाट्या फाटकाफाटकावर मिरवणारे पुण्याजवळच्या चाकणचे हे उद्योगसाम्राज्य, त्याच फाटकातून पाळीपाळीने आत शिरणाऱ्या स्त्रीच्या छातीतील गाठीविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. यंत्राला देखभाल आहे. बाईला नाही.

वर्षाकाठी वैद्यकीय तपासणीचा सोहळा तेवढा यथासांग पार पडतो. वजन होते, डोळे पाहिले जातात, रक्त काढले जाते. रक्तपेशींच्या मोजणीचा, म्हणजे सीबीसीचा, कागद येतो, त्यावर शिक्का बसतो आणि तो कपाटात समाधिस्थ होतो. त्या कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे आकडे असतात. अर्बुदात पांढऱ्या पेशी दिसतात हे जर्मन वैद्य व्हिर्खो यांनी 1863 सालीच नोंदवले होते. आणि स्तनाच्या कर्करोगाचे निदान होताना ज्या स्त्रियांत न्यूट्रोफिलच्या आकड्याचे लिम्फोसाइटच्या आकड्याशी प्रमाण चढे असते त्यांचा रोग पुढे अधिक बिकट वळण घेण्याचा संभव असतो, हे अलीकडच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. हे प्रमाण शरीरातील दाहाचे एक चिन्ह; सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारखी दाहाची इतर चिन्हेही याच वाटेने अभ्यासली जात आहेत. भागाकाराला दमडीही लागत नाही. पण रुग्णाचे जुने कागदच डॉक्टरपुढे कधी येत नाहीत, तेथे भागाकार करणार कोण?

मात्र या विज्ञानाचा बाजार मांडून 'रक्तातच कर्करोग पकडतो' अशी पॅकेजे विकणाऱ्यांनाही आम्ही खडसावतो. दाढ सुजली, ताप भरला तरी या भागाकाराचा आकडा चढू शकतो. उलट, गाठ असूनही तो निमूट राहू शकतो. निदान ठरते ते सोनोग्राफी-मॅमोग्राफीने आणि सुईने काढलेल्या तुकड्याने; गाठ प्रथम सापडते ती बहुधा हाताला. तो हातच आम्ही बाईपर्यंत पोहोचू दिलेला नाही.

तो हात पोहोचवणे अशक्य आहे काय? टाटा स्मारक रुग्णालयाच्या इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातांनी स्तनतपासणी केली, आणि त्या वस्त्यांत पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्के घटले. हा निष्कर्ष 2021 साली जगापुढे आला. तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हावी, हे सरकारने स्वतःच 2016 साली कागदावर लिहून ठेवले. पण चाकणलगतच्या म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या भाड्याच्या खोलीत राहणारी, आज या ठेकेदाराच्या तर उद्या त्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर असणारी, गाठ लागली तरी खाडा पडेल म्हणून पदराआड दडवणारी बाई त्या कागदात कुठे बसते? गावाने म्हणावे ती कारखान्याची, कारखान्याने म्हणावे ती ठेकेदाराची. 2022 या एका वर्षात देशात सुमारे 98 हजार स्त्रिया या रोगाने गेल्या, असा जागतिक कर्करोग-गणनेचा अंदाज आहे. उशीर हाच येथला मारेकरी आहे.

म्हणून आम्ही बजावतो : कायम असो वा कंत्राटी, तिशीपुढील प्रत्येक कामगार स्त्रीची स्तनतपासणी यंदाच्या वार्षिक तपासणीतच झाली पाहिजे, रक्ताचा अहवाल तिच्या हाती पडला पाहिजे आणि गाठ सापडल्यास पुढील तपासणीसाठी पगारी रजा मिळाली पाहिजे. कारखानदार खर्च विचारतील. एक प्रशिक्षित परिचारिका, एक पडदा आणि दहा मिनिटे. तेवढा वेळ चहालाही जातो.